राजाचे नाव, अर्थ शेतकरी

मंडळी, जॉर्ज राजाचा रुपया तुम्ही पाहिला आहे का? काही घरांत तो अजून जपून ठेवलेला असतो. इंग्लंडात जॉर्ज नावाचे सहा राजे झाले. त्यांतल्या पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचे तोंड आपल्याकडच्या रुपयांवर असे. १९४७ साली आपला देश स्वतंत्र झाला, तेव्हा सहावा जॉर्ज गादीवर होता.

आता गंमत ऐका. जॉर्ज या नावाचा अर्थ काय? शेतकरी!

हे नाव मूळचे इंग्रजांचे नव्हे. ते ग्रीक भाषेतले आहे. ग्रीक भाषेत 'गे' म्हणजे जमीन आणि 'एर्गोन' म्हणजे काम. जमिनीत काम करतो तो 'गेओर्गोस', म्हणजे शेतकरी. त्यावरून 'गेओर्गिओस' हे नाव झाले. इंग्रजांच्या तोंडी त्याचे जॉर्ज झाले. तिसऱ्या जॉर्जला शेतीची फार आवड. लोक थट्टेने त्याला 'शेतकरी जॉर्ज' म्हणत. पण बरं का, थट्टेत ते एकच शब्द दोनदा म्हणत होते!

जुन्या ग्रीक लोकांची पुष्कळ नावे अशी दोन शब्द जोडून झालेली आहेत. 'फिलिप' म्हणजे घोड्यांवर माया करणारा. फिलिप राजाचा मुलगा अलेक्झांडर. आपण त्याला सिकंदर म्हणतो. अलेक्झांडर म्हणजे माणसांचे रक्षण करणारा. पण त्याने केले काय? इ. स. पूर्वी ३३५ साली त्याने ग्रीकांचेच थीब्ज शहर धुळीला मिळवले. तिथली हजारो माणसे गुलाम म्हणून विकली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

'पीटर' हे नाव मात्र एकाच शब्दाचे. त्याचा अर्थ खडक. आपल्याकडे धोंडू, दगडू असतात ना, तसेच. पण हेतू निराळा. मुलाला दृष्ट लागू नये, ते जगावे, म्हणून आपल्याकडे तशी नावे ठेवीत. येशू ख्रिस्ताने आपल्या एका शिष्याला 'खडक' म्हटले, ते भक्कम पाया म्हणून.

तेव्हा नाव कोणतेही असो, माणूस मोठा होतो तो कामाने. आपण पुष्कळदा खाली मान घालून म्हणतो, "आम्ही काय, साधे शेतकरी." असे म्हणू नका. तुमच्या कामाचा शब्द सहा राजांनी नाव म्हणून मिरवला आहे. आज पाटीवर आपले नाव लिहा, आणि त्याचा अर्थ काय, तेही घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा.