टॉवेल तापवायचा की खोली?

सावंतवाडीत कुणाच्या घरी रेडिएटर नसतो, तो लागतही नाही. जानेवारीच्या पहाटे अंगावर शाल घेतली की इथली थंडी संपते. इथली खरी अडचण जुलैची. सकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी आंघोळीला घ्यावा तर हाताला आंबटओलाच लागतो आणि नाकाजवळ नेला की कुबट वास येतो. याच तालुक्यातल्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाली शहरात तो बराच कमी असला, तरी टॉवेलाला त्याचं सुखदुःख नाही. त्याला हवेतला दमटपणा नडतो आणि तो दोन्हीकडे जवळपास सारखाच.

म्हणून विजेवर तापणारी नळ्यांची ती चकचकीत शिडी, म्हणजे टॉवेल वॉर्मर, इथे घ्यावी का, हा प्रश्न वाटतो तेवढा चैनीचा नाही. पण त्याचं उत्तर परदेशातल्या अनुभवावरून काढता येत नाही.

इंग्लंडमध्ये बाथरूमचं काम काढलं की भिंतीवरचा चपटा पोलादी रेडिएटर उतरवून त्या जागी क्रोमची शिडी लावायची चाल आहे. दिसते छान, पण हिवाळ्यात बाथरूम गारठतं आणि लोक प्लंबरला दोष देतात. दोष बहुतेक वेळा क्रोमचा असतो. ६० अंशांना तापलेला रंगवलेला पृष्ठभाग २० अंशांच्या खोलीत प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे २५० वॅट उष्णता नुसत्या प्रारणाने बाहेर टाकतो. चकचकीत क्रोम त्याच तापमानाला ३० वॅटसुद्धा टाकत नाही. चकाकणारा धातू प्रकाश जसा परतवतो तशी स्वतःची उष्णताही धरून ठेवतो. शिवाय शिडीत नळ्यांपेक्षा मोकळी जागा जास्त, आणि वर दोन जाड टॉवेल टाकले की उरलीसुरली ऊब त्यांच्याआड अडकते. सेंट पीटर्सबर्गच्या फ्रांझ सान गाल्लीने १८५५ च्या सुमारास रेडिएटर घडवला तो खोलीतली हवा तापवण्यासाठी. शिडीचं काम वेगळं. ती टॉवेल तापवते. नळीला टॉवेल थेट चिकटलेला असल्यामुळे उष्णता स्पर्शाने जाते, तिथे क्रोमचं काही बिघडत नाही.

इंग्लंडात जी उणीव ठरते तीच सावंतवाडीत सोयीची आहे. आपल्याला खोली तापवायचीच नाही.

आता जुलैतली हवा बघू. तापमान २६ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के धरू. बाष्पीभवनाचा जोर ठरतो तो ओल्या कापडालगतचा बाष्पदाब आणि आसपासच्या हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर. ओला टॉवेल सुकता सुकता स्वतः गार होतो, त्यामुळे त्याच्यालगतचा दाबही उतरतो. या हवेत हा फरक १ हेक्टोपास्कलसुद्धा भरत नाही. एप्रिलच्या सोलापुरात, ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला, तोच फरक ११-१२ हेक्टोपास्कल असतो. जाड टर्किश टॉवेल सोलापुरात विणले जातात आणि तिथे ते वाळतातही झकास. सावंतवाडीकराने तोच टॉवेल आणून पावसाळ्यात दोरीवर टाकला, तर तक्रार विणकराकडे नेण्यात अर्थ नाही.

हवेत काही बदल न करता नुसता टॉवेल ३६ अंशांपर्यंत तापवला, तर फरक २९ हेक्टोपास्कलवर जातो, म्हणजे तिसाहून जास्त पट. म्हणून टॉवेल तिसाहून जास्त पट वेगाने वाळेल असं मात्र नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती कुठून तरी यावी लागते. धुऊन पिळलेल्या टॉवेलात ४०० ग्रॅम पाणी उरलं असेल, तर त्याचा हिशेब पाव युनिटाहून थोडा जास्त होतो. १०० वॅटच्या शिडीला यासाठी निदान पावणेतीन तास हवेत. निम्मी उष्णता भिंतीत आणि हवेत जाते असं धरलं तर पाच-सहा तास आणि अर्धा युनिट वीज. म्हणजे रात्रभरात टॉवेल सुकतो आणि बिलही घाबरवत नाही.

पण ही वाफ जाते कुठे? दोन मीटर बाय दीड मीटरच्या, अडीच मीटर उंचीच्या बाथरूममध्ये साडेसात घनमीटर हवा असते. २६ अंशांना ती फार तर १८३ ग्रॅम बाष्प धरू शकते आणि त्यातलं १६५ ग्रॅम आधीच भरलेलं आहे. जागा उरली १८ ग्रॅमची, आणि टॉवेल ४०० ग्रॅम सोडणार! दार-खिडकी लावून शिडी चालू ठेवली, तर पाणी टॉवेलातून निघून आरशावर, टाइल्सवर आणि छताच्या कोपऱ्यात बसतं. मग तिथे बुरशी काळी नक्षी काढते. एक्झॉस्ट पंखा किंवा उघडी झडप नसेल तर ही शिडी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरची हवा ९० टक्के दमट असली तरी चालते, कारण आत येऊन ती थोडी तापली की तिची बाष्प धरायची ताकद वाढते.

कोकणातल्या जुन्या न्हाणीत या दोन्ही गोष्टी आपोआप होत्या. पाणी तापवायची चूल तिथेच, तांब्याचा हंडा तिच्यावर, जळणाला सोडणं आणि चुडतं, आणि वर आडव्या काठीवर ओले कपडे. ऊब खालून मिळे आणि कौलांच्या फटींतून वाफ निघून जाई. कपड्यांना धुराचा वास लागे, डोळे चुरचुरत, आणि रोज चुलीशी बसणाऱ्या बाईच्या छातीत तो धूर जाई, म्हणून त्या न्हाणीचे गोडवे गायचं कारण नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळोती वाळवत. तान्ह्या बाळाचं कापड तासाभरात सुकायलाच हवं असे, तेव्हा घरभर ऊब करण्यापेक्षा थेट कापडाखाली निखारे ठेवायचे, हे त्या बायकांना नेमकं ठाऊक होतं. स्लॅबच्या घरात चूल गेली ते बरंच झालं. फटी गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही, हे मात्र वाईट झालं.

कुबट वासाचं कारणही वेळेतच आहे. जपानमधल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये धुतलेल्या कपड्यांच्या या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू आणि तो तयार करत असलेलं ४-मिथाइल-३-हेक्झेनॉइक आम्ल दाखवून दिलं. धुतल्यावरही धाग्यांत टिकून राहिलेला हा जिवाणू ओल रेंगाळली की वाढतो. म्हणून टॉवेल एकदा कडक तापवण्यापेक्षा तो लवकर सुकवणं जास्त उपयोगी. त्यातही 'सुकला' हा शब्द पावसाळ्यात सैलच घ्यावा लागतो. ९० टक्के आर्द्रतेत सुती कापड आपल्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास पाणी हवेतूनच शोषून धरतं. अर्ध्या किलोच्या टॉवेलात ते ७५ ग्रॅम होतं. शिडी बंद केली की काही तासांत तेवढं पाणी परत येणारच. त्यामुळे टायमर लावायचा तर तो आंघोळीच्या वेळेच्या थोडा आधी संपेल असा लावावा.

घ्यायचीच तर शिडीला अर्थिंग हवं आणि त्या वायरिंगवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. ओल्या हाताने धातूची नळी धरायची आहे, इथे काटकसर नको. शॉवरचं पाणी उडेल अशा जागी ती लावू नये. टॉवेल घडी घालून टाकला तर आतल्या पदरात ओल राहते, तो एकेरी पसरावा. पावसात लाइट जाते तेव्हा शिडी नुसती दांडी उरते, हेही गृहीत धरावं.

आणि पैसे खर्च करण्याआधी आठवडाभर पंचा वापरून बघावा. पातळ सुती पंचा पिळल्यावर त्यात १०० ग्रॅमच पाणी उरलं, तर लागणारी उष्णता थेट चौथ्या हिश्शावर येते. एवढं काम स्वयंपाकघराच्या दारात टांगलेल्या दोरीवर पंख्याच्या वाऱ्यात रात्रभरात होऊन जातं. जाड टर्किश टॉवेल ऑक्टोबरपर्यंत कपाटात राहिला तरी चालेल, फक्त ठेवण्याआधी त्याला एखादं कडक ऊन दाखवलेलं असावं.