वासाच्या मेणबत्तीने डास पळतात का?

पाऊस उघडला, वारा पडला, घरात जीव घुसमटू लागला, की माणसे अंगणात बाज टाकून बसतात. पाच मिनिटे होतात न होतात तोच कानाशी गुणगुण सुरू होते. अशा वेळी गोवरीवर कडुलिंबाचा पाला टाकून धूर करण्याची आपली जुनी रीत आहे. आता बाजारात वासाच्या मेणबत्त्याही मिळतात. 'ही लावा, डास फिरकायचे नाहीत,' असे दुकानदार सांगतो. यात खरे किती, ते पाहू.

या मेणबत्तीत बहुधा सिट्रोनेला नावाचे तेल असते. आपल्या परसातला गवती चहा आहे ना, त्याच्याच जातकुळीतले हे गवत. त्याची पाने वाफेवर उकळून तेल काढतात. मेणबत्ती पेटली की मेण वितळते आणि तेलाचा वास हवेत पसरतो.

आता डास आपल्याला अंधारात शोधतो कसा? चावते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. आपण श्वास सोडतो त्यातला कर्बवायू, घामाचा वास आणि अंगाची ऊब, या तीन खुणांवर ती आपल्यापर्यंत पोचते. तेलाच्या उग्र वासाने तिची ही वाट थोडी चुकते. मेणबत्ती डास मारीत नाही, फक्त त्याला चकवते. तेही हवेत वास पुरेसा दाट असेल तोवरच.

घोडे अडते ते इथेच. उघड्यावर वास टिकत नाही. गुरुजींनी हे मुलांना सहज दाखवावे. मैदानात एक उदबत्ती पेटवावी आणि धूर कुठे जातो ते पाहायला सांगावे. वाऱ्याची झुळूक आली की धूर एका बाजूला पळतो. दुसऱ्या बाजूला बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मेणबत्तीचा वास असाच वाहून जातो, तो दिसत नाही एवढेच.

याची मोजदादही झाली आहे. १९९५ साली कॅनडातील ग्वेल्फ येथे रानात माणसे बसवून प्रयोग केला. काहींजवळ सिट्रोनेलाच्या मेणबत्त्या, काहींजवळ साध्या, तर काहींजवळ काहीच नाही. सिट्रोनेलाजवळ बसलेल्यांना सुमारे ४२ टक्के चावे कमी बसले. म्हणजे जिथे शंभर चावे बसायचे तिथे अठ्ठावन्न बसले! त्रास कमी झाला, हे खरे. पण हिवताप यायला अठ्ठावन्न चावे लागत नाहीत. रोगी डासाचा एक चावासुद्धा पुरतो.

शिवाय सगळे डास एका वेळचे नव्हेत. हिवतापाचा ॲनोफिलिस आणि हत्तीरोगाचा क्यूलेक्स हे रात्री चावतात. डेंग्यूचा एडिस मात्र दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. दिवेलागणीला लावलेली मेणबत्ती दुपारी पाळण्यात निजलेल्या बाळाच्या काय कामाची?

मग मेणबत्ती लावूच नये का? जरूर लावावी, पण तिच्याकडून फार मोठी अपेक्षा करू नये. वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, माणसांच्या जवळ दोनतीन ठेवाव्यात. कडब्याची गंजी, गवताचे छप्पर आणि लहान मुले यांपासून ती लांब असावी. मच्छरदाणीत किंवा बाजेखाली ती कधीही नेऊ नये. वीज असेल तर पंखा लावा. डास अंगाने हलका. जोराच्या वाऱ्यात त्याला नीट उडता येत नाही. अंगभर कपडे घाला. अंगणात निजायचे तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. दुपारी निजणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवीच.

आणि खरा उपाय आहे तो पाण्याशी. डासाचे बालपण पाण्यात जाते. उबदार दिवसांत अंड्यापासून उडता डास व्हायला आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. रांजण, हौद, पिंपे रिकामी करून घासायची आणि उन्हात वाळवायची; एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. फुटके डेरे आणि जुने टायर पालथे घाला किंवा उचलून टाका. ज्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडा. गटार वाहते ठेवा.

शाळेने यात पुढाकार घ्यावा. साचलेले पाणी काचेच्या बरणीत घ्यावे, तोंडाला दाट विणीचे फडके घट्ट बांधावे आणि रोज काय दिसते ते मुलांना वहीत लिहायला सांगावे. वळवळणाऱ्या अळीचा डास झालेला ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिला, तो घरी जाऊन आजीच्या रांजणात डोकावल्याशिवाय राहायचा नाही. पाहणी झाली की डास उडण्यापूर्वीच ते पाणी कोरड्या जमिनीवर ओतावे.

थंडी वाजून ताप आला तर मात्र घरगुती उपायात वेळ दवडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.

थोडक्यात, मेणबत्तीने घटकाभर गप्पा सुखाच्या होतील. पण गावातला ताप हटवायचा तर दिवा घेऊन आधी रांजणात बघावे लागेल.