नवाचा भाव आणि नऊ-सहाचे यंत्र

लेखमाला : शक्यतेचा हिशेब
लेखांक सहावा

लास व्हेगासच्या कॅसिनोत व्हिडिओ पोकरची दोन यंत्रे एकमेकांना खेटून उभी असतात. रंग तोच, पत्ते तेच, बटणेही तीच. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात बक्षिसांचा तक्ता झळकत असतो. पहिल्या यंत्रावर फुल हाऊसपुढे 9 आणि फ्लशपुढे 6 असते, तर दुसऱ्यावर तिथेच 8 आणि 5. बाकी रकाने हुबेहूब सारखे. हौशी पर्यटक जिथे खुर्ची रिकामी दिसेल तिथे बसतो. मुरलेला खेळाडू तक्त्यातल्या त्या दोन ओळी पाहतो आणि मगच खिशात हात घालतो. चुका न करता खेळले तर पहिले यंत्र दीर्घकाळात शंभरामागे 99.54 परत करते, दुसरे 97.30.

फरक सव्वादोन टक्क्यांचा, म्हणजे किरकोळच वाटतो. पण हे यंत्र भराभर चालते. तासाला सहाशे डाव सहज होतात. एका डावाला सव्वा डॉलर धरला तर तासाभरात 750 डॉलर यंत्रातून फिरतात. नऊ-सहाच्या यंत्रावर त्यातले सरासरी साडेतीन डॉलर जातात, आठ-पाचच्या यंत्रावर वीस. म्हणजे शेजारच्या खुर्चीचे भाडे जवळजवळ सहापट झाले.

आता नेमके हेच दोन आकडे का पाहायचे? फुल हाऊस म्हणजे तीन पत्ते एका किमतीचे आणि दोन दुसऱ्या. फ्लश म्हणजे पाचही पत्ते एकाच रंगाचे; तीन पत्ती खेळणारे ज्याला कलर म्हणतात तेच. ‘जॅक्स ऑर बेटर’ या मूळ प्रकारात, म्हणजे गुलामाच्या जोडीपासून बक्षीस सुरू होते त्या खेळात, फुल हाऊस साधारण 87 डावांत एकदा येतो आणि फ्लश 91 डावांत एकदा. तेव्हा यातले कुठलेही बक्षीस एका आकड्याने उतरवले की परतावा एक टक्क्याहून थोडा जास्त घसरतो. मालकाच्या दृष्टीने हा सोयीचा मधला पट्टा आहे. गुलामाच्या जोडीचे पैसे कापले तर गिऱ्हाईक लगेच बोंब मारील, कारण ती जोडी पाच डावांत एकदा तरी दिसते. सर्वांत मोठे बक्षीस कापले तर जाहिरातच बुडेल. मधल्या दोन ओळींकडे कुणाचे फारसे लक्ष नसते, म्हणून कात्री तिथेच चालते. नऊ-पाच, आठ-सहा, आठ-पाच, सात-पाच अशा पायऱ्या उतरत सहा-पाचपर्यंत आले की परतावा 95 टक्क्यांवर येऊन ठेपतो.

‘ड्यूसेस वाइल्ड’ या प्रकारात चारही दुर्र्या जोकर असतात. तिथे पाहायची ओळ वेगळी : एकाच किमतीचे चार पत्ते. पूर्ण तक्त्याच्या यंत्रात त्याला 5 मिळतात आणि अचूक खेळणाऱ्याचा परतावा 100.76 टक्क्यांवर जातो, म्हणजे खेळाडूच यंत्रावर वरचढ! हा हात पंधरा डावांत एकदा येतो. त्यामुळे बाकी तक्ता तसाच ठेवून पाचाचे नुसते चार केले की सहा टक्क्यांहून जास्त रक्कम उडाली.

अर्थात चांगला तक्ता शोधणे हे अर्धेच काम. समजा हातात बदामचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि बदामचीच पंजी आली. फ्लश तयार आहे, सहापट पैसे खात्रीचे. पंजी टाकून नवा पत्ता मागायचा का? पत्त्यांत 47 पाने शिल्लक आहेत. त्यातले एक, बदामची दश्शी, आले तर रॉयल फ्लश, म्हणजे 800. बदामची उरलेली सात पाने पुन्हा फ्लश देतात : 42. इतर रंगांच्या तीन दश्श्या क्रम पूर्ण करतात, प्रत्येकी 4 : 12. उरलेले एक्के, राजे, राण्या, गुलाम मिळून बारा पाने जोडी लावतात, प्रत्येकी 1 : आणखी 12. बेरीज 866, भागिले 47, म्हणजे 18.43. हातातल्या सहाच्या तिप्पट. पंजी टाकायची! हे करताना हात थरथरतो, आणि 47 पैकी 24 वेळा पदरात काहीच पडत नाही. तरीही गणित पंजी टाकायलाच सांगते. एका डावात पाच नाणी लावली तरच रॉयल फ्लशला नाण्यामागे 800 मिळतात. एकच नाणे लावले तर फक्त 250, आणि तेवढ्यानेच नऊ-सहाचे यंत्र 98.37 टक्क्यांवर येते.

या यंत्राला लोकप्रियता मिळाली ती 1979 नंतर. साय रेड नावाच्या उद्योजकाच्या कंपनीने तेव्हा ‘ड्रॉ पोकर’ बाजारात आणले. तीच कंपनी पुढे आयजीटी या नावाने जगभर पसरली. खेळाडूचे सारे गणित उभे आहे ते मात्र नेवाडा राज्याच्या एका नियमावर. यंत्र पत्त्यांचा खेळ दाखवत असेल तर प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या पत्त्यांच्या जोडाइतकीच असली पाहिजे, असा तो नियम आहे. फळांची चित्रे फिरवणाऱ्या स्लॉट यंत्रात कुठले चित्र किती वेळा येणार हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. व्हिडिओ पोकरचा तक्ता मात्र 52 पत्त्यांच्या हिशेबाने घरी बसून सोडवता येतो. स्टॅनफर्ड वाँग, बॉब डान्सर यांच्यासारख्यांनी त्यावर पुस्तके लिहिली.

नाशिकच्या वाचकाला हे जरा लांबचे वाटेल. महाराष्ट्रात अधिकृत कॅसिनो एकही नाही. विधिमंडळाने 1976 मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यासाठी कायदा केला, पण तो कधीच अमलात आला नाही, आणि ऑगस्ट 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. बक्षिसांचा तक्ता मात्र मराठी माणसाला नवा नाही. त्याचे देशी नाव आहे भाव, आणि मटक्याचा भाव नाशिकपासून नागपूरपर्यंत लोकांना तोंडपाठ आहे : आकड्याला नऊ, जोडीला नव्वद.

मटक्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने मुंबईत येणाऱ्या दरांवर पैसे लावण्यातून झाली. ते दर येणे थांबल्यावर 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आपला बाजार काढला, आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी’ सुरू केला. आधी मडक्यातल्या चिठ्ठ्या होत्या, पुढे पत्ते आले. तीन पत्ते काढायचे. ते म्हणजे पत्ती किंवा पाना. तिघांची बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक घ्यायचा, तो ओपन. काही तासांनी पुन्हा तीन पत्ते, त्यांचा अंक क्लोज. दोन्ही मिळून जोडी. समजा पंजी, सत्ती, अठ्ठी निघाली तर बेरीज वीस, ओपन शून्य.

आता व्हेगासचा चष्मा लावून हा भाव वाचू. चित्रांची पाने बाजूला ठेवली तर एक्क्यापासून दश्शीपर्यंत 40 पाने उरतात. दश्शी म्हणजे शून्य. या चाळिसांतून तीन पाने काढण्याचे 9,880 प्रकार होतात. ते दहा अंकांत अगदी समान वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला 988. म्हणजे एक अंक दहांत एकदा येणार आणि भाव नऊ. शंभरामागे नव्वद परत. जोडी शंभरांत एकदा आणि भाव नव्वद, हिशेब तोच. वाईटातल्या वाईट सहा-पाचच्या यंत्राच्याही हे पाच टक्के खाली आहे, पण निदान कुठे किती जाते ते समोर दिसते.

खरी गंमत पत्तीत आहे. तिन्ही अंक वेगळे असलेल्या 120 सिंगल पत्त्या, दोन अंक सारखे असलेल्या 90 डबल पत्त्या आणि तिन्ही सारखे असलेल्या दहा ट्रिपल पत्त्या, एकूण 220. जुना भाव सिंगलला 140, डबलला 280, ट्रिपलला 600; बाजाराबाजारांत तो थोडा इकडेतिकडे होतो. एखादी ठरावीक सिंगल पत्ती चाळीस पानांतून 64 प्रकारांनी निघते, म्हणजे 154 वेळांत एकदा. परतावा जेमतेम 91 टक्के. डबल पत्ती निघण्याचे प्रकार 24, म्हणजे 412 वेळांत एकदा, आणि भाव 280. परतावा 68. ट्रिपलचे प्रकार फक्त चार. 2,470 वेळांत एकदा येणाऱ्या पत्तीला सहाशेचा भाव! शंभरातले चोवीस परत, शहात्तर गेले.

सहाशे हा आकडा आला कुठून? एक अंदाज करता येतो. तीन अंक तीन वेगवेगळ्या मडक्यांतून निघाले असते तर ट्रिपल हजारांत एकदा, डबल 333 मध्ये एकदा आणि सिंगल 167 मध्ये एकदा आली असती. तशा खेळाला 140-280-600 हा भाव बऱ्यापैकी बसतो : 84, 84 आणि 60 टक्के. पत्त्यांच्या एकाच जोडात मात्र एक सत्ती निघाली की उरलेल्या सत्त्या तीनच राहतात, दुसरी निघाली की दोन. सारखी पाने जुळणे अवघड होत जाते, आणि भाव मात्र चिठ्ठ्यांच्या हिशेबाचाच राहतो. टपरीवर चिठ्ठी फाडणाऱ्याला हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. ट्रिपल लावणाऱ्याला सहाशे दिसत होते, तेवढे त्याला पुरे होते.

आणि हे सगळे पत्ते सरळ निघतात असे धरून. ज्या अंकावर सर्वांत कमी पैसे लागलेत तोच काढणाऱ्या बाजारात भावाला काही अर्थ उरत नाही. खत्रींच्या बाजाराने नाव कमावले ते पत्ते लोकांसमोर निघतात या विश्वासावर. पण त्या विश्वासामागे नेवाडासारखा नियम नव्हता. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने सारा धंदाच बेकायदा ठरवला होता. आजही पोलिसांच्या नोंदीत मटक्याचा गुन्हा त्याच कायद्याच्या कलम 12 (अ) खाली दिसतो. जे बेकायदा आहे त्याची तपासणी कोण करणार?

सरकारला या भावाची जाण नव्हती असे नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी 12 एप्रिल 1969 रोजी सुरू झाली, ती मटक्याच्या ऐन भरात. पुढे केंद्राच्या 1998 च्या लॉटरी कायद्याने एकेरी अंकावर बक्षीस देण्याची मनाई केली. आकडा लावण्याची सवय सरकारी तिकिटाच्या आडून पुन्हा येऊ नये, ही त्यातली मेख कुणाच्याही लक्षात येईल.

यंत्रांच्या बाबतीत आपल्याकडचा अनुभव मटक्याहून बरा नाही. करमणुकीचा परवाना घेऊन उघडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पैशांचा खेळ चालतो आणि छापे पडतात, हे नाशिकच्या वर्तमानपत्रांत नेहमी येते. सर्वोच्च न्यायालयासमोर 1995 मध्ये एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य हे प्रकरण आले, तेव्हा अशा यंत्रांत फेरफार करून खेळाडूच्या कौशल्याला वावच ठेवला जात नाही, ही बाब पुढे आली आणि न्यायालयाने सरकारचे नियंत्रण योग्य ठरवले. अलीकडे नाशिक जिल्ह्यात ‘ऑनलाइन रोलेट’चे गुन्हे दाखल झाले. खऱ्या रोलेटच्या चाकावर एक शून्य धरून 37 घरे असतात आणि जिंकल्यास लावलेल्या पैशासकट छत्तीसपट मिळतात, म्हणजे परतावा 97.3 टक्के. मटक्यापेक्षा कितीतरी सरस! फक्त इथे चाक नसते. मोबाइलच्या पडद्यावर चाकाचे चित्र फिरते, आणि ते कुठे थांबायचे हे दूर कुठेतरी बसलेले सॉफ्टवेअर ठरवते. तक्ता छापील असला तरी पत्ते तपासलेले नसतील, तर त्यावर गणित मांडणे म्हणजे हवेत रेघा ओढणे आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. कौशल्य की नशीब हा जुना वाद त्या कायद्याने बाजूलाच ठेवला.

उरले गोवा. तिथल्या 1976 च्या सार्वजनिक जुगार कायद्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत विद्युत यंत्रांवरचे खेळ आले, 1996 मध्ये बोटींना मुभा मिळाली आणि मांडवीच्या पात्रात कॅसिनो तरंगू लागले. 2020 पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला मनाई आहे; गिऱ्हाईक बाहेरचे, म्हणजे नाशिकहून रात्रीच्या बसने जाणारेसुद्धा. समजा एखाद्याला तिथे अस्सल नऊ-सहाचे यंत्र सापडले. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवर 40 टक्के जीएसटी आहे, आणि तो जिंकलेल्या पैशावर लागत नाही, चिप्स घेण्यासाठी मोजलेल्या रकमेवर लागतो. शंभराच्या चिप्ससाठी 140 मोजायचे. 99.54 टक्के परताव्याच्या यंत्रावर चाळीस रुपये हरायला सरासरी 8,700 रुपयांचे डाव खेळावे लागतात. इथे ते पहिला पत्ता पडण्याआधीच गेले.

जिंकले तरी वेगळेच गणित. लॉटरी, पत्ते, जुगार यांतल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के आयकर आणि त्यावर उपकर, मिळून 31.2 टक्के. त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत. दहा रुपयांची पाच नाणी लावून रॉयल फ्लश लागला तर यंत्र 40,000 देते, त्यातले 12,480 सरकारजमा. हा हात चाळीस हजार डावांत सरासरी एकदा येतो आणि नऊ-सहाच्या परताव्यातले जवळजवळ दोन टक्के एकट्या त्याच्यातून येतात. नुसत्या त्याच्यावरचा कर धरला तरी 99.54 चे 98.92 होतात, म्हणजे तक्ता नऊ-सहावरून नऊ-पाचच्या दिशेने अर्ध्याहून जास्त वाट उतरतो. अमेरिकेत हौशी लोक नऊ-सहाच्या यंत्रांच्या याद्या ठेवतात आणि शहर ओलांडून त्यासाठी जातात. तिथल्या करात निदान हरलेल्या रकमेची थोडीफार वजावट मिळते.

(पुढील लेखांकात : महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यती, आणि ‘टोट’वर भाव लोकच कसा ठरवतात.)