व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घेण्यापूर्वी

मंडळाच्या श्रवणसभेनंतर चहा घेताना हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. घरी चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आहे, स्पीकर आहेत, पण सीडीवर हिराबाई बडोदेकरांचा आवाज कोरडा वाटतो. वडिलांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला गोडवा त्यात नाही. मग मध्ये व्हॉल्व्हचा प्रीॲम्प बसवला तर? किमती काही हजारांपासून लाखाच्या पुढे जातात आणि आपल्यातले बरेच जण पेन्शनवर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी त्या रेडिओबद्दल. त्याच्या गोडव्यात व्हॉल्व्हचा वाटा आपण समजतो तेवढा नव्हता. मध्यम लहरींवर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकूच येत नसे. शिवाय लाकडी पेटी आणि एकच मोठा स्पीकर यांमुळे आवाजाचा मधला भाग भरीव वाटे. तेव्हा पैसे घालण्याआधी ट्रेबल थोडा कमी करून पाहा, आणि उघड्या फरशीवर सतरंजी अंथरा. कित्येकांचे काम एवढ्यावरच भागते.

तरीही व्हॉल्व्ह काहीतरी देतो, हे खरे. साध्या व्हॉल्व्ह मंडलातून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट कंप्रतेचा स्वर किंचित मिसळतो. म्हणजे मध्य षड्जात तार षड्जाची छटा! स्वर तोच असल्याने कानाला ते बेसूर न वाटता भरदार वाटते. मात्र उत्तम बनवलेल्या महागड्या प्रीॲम्पमध्ये ही भेसळ इतकी कमी असते की तो ट्रान्झिस्टरसारखाच स्वच्छ वाजतो. जास्त किंमत म्हणजे जास्त गोडवा, असे मुळीच नाही.

निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती गेन. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो आणि बहुतेक पॉवर ॲम्प्लिफायरना पूर्ण आवाजासाठी १ ते २ व्होल्ट पुरतात. म्हणजे आणखी वाढवण्यासारखे फारसे उरतच नाही. १२एएक्स७ या व्हॉल्व्हचा वर्धनांक १०० आहे. तो लावला की बऱ्याचदा व्हॉल्यूमचे बटण जेमतेम हलवता येते आणि मागची खरखर वाढते. १२एयू७ चा वर्धनांक २० च्या आसपास, ६डीजे८ चा ३३. आमचा कल या दोघांकडे.

दुसरी गोष्ट विक्रेते क्वचित सांगतात, ती म्हणजे आउटपुट इम्पीडन्स. तो आपल्या ॲम्प्लिफायरच्या इनपुट इम्पीडन्सच्या दहाव्या भागाहून कमी हवा. काही प्रीॲम्पचा तो कित्येक हजार ओहम असतो. समोरचा ॲम्प्लिफायर १० हजार ओहमचा असेल तर आवाज दबतो, कधी खर्जही पातळ होतो. ऊब आणायला गेलो आणि होती तीही गेली, अशातली गत. दोन्ही आकडे माहितीपत्रकात पाहून घ्यावेत.

स्वस्त, चकाकणाऱ्या छोट्या डब्यांबाबत सावध राहा. काहींत व्हॉल्व्ह १२-२४ व्होल्टवर नुसता मिणमिणतो, खाली एलईडी लावलेला असतो आणि खरे काम चिप करते. प्लेटला किती व्होल्ट मिळतात, हे विचारायला संकोच करू नका.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की साध्या लाइन प्रीॲम्पला टर्नटेबल थेट जोडता येत नाही. त्याला फोनो स्टेज वेगळा लागतो. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांना रुंद सुईही लागते.

शक्य असेल तर घरी आणून ऐका. प्रीॲम्पसह आणि प्रीॲम्पशिवाय, पण दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवून. किंचित मोठा आवाज कोणालाही गोडच वाटतो.

जोडल्यावर आधी प्रीॲम्प सुरू करावा, मिनिटभर तापू द्यावा, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट क्रम, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो. आणि प्लग काढलेला असला तरी झाकण उघडू नये; आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.