डासांचा बंदोबस्त

बोरिवलीच्या पश्चिमेस गोराईची खाडी आहे. ती ओलांडण्यासाठी होडीत बसले, की काठावर तिवरांची दाट, काळपट हिरवी रांग दिसू लागते. ओहोटीच्या वेळी तिच्या मुळांशी चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवट्यांची धावपळ चालते. पलीकडे विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट चमकत असतो. याच भूमीवर १९८९ साली एस्सेलवर्ल्ड नावाचे विस्तीर्ण क्रीडोद्यान उभे राहिले आणि १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम हे जलोद्यान सुरू झाले. एस्सेलवर्ल्डचे उंच पाळणे आता थांबले आहेत. परंतु उपनगरांतील कित्येक मुलांनी शाळेच्या सहलीचा एक अविस्मरणीय दिवस तेथे घालविला आहे.

अशा ठिकाणी एक प्रश्न सहज मनात यावा. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस झाडी, मध्ये पाण्याचे मोठमोठे हौद, जागोजाग खाद्यपदार्थांची दुकाने आणि सायंकाळी हजारो दिवे! कीटकांनी राहावयास यावे, असे याहून सोईचे स्थळ ते कोणते? तरीही जगातील मोठ्या क्रीडोद्यानांत डास फारसे आढळत नाहीत. ही किमया कोणत्या औषधाची, असे आपण विचारतो. औषधाचा वाटा तीत असतो, परंतु तो शेवटचा आणि लहानसा.

डासाचा बंदोबस्त करावयाचा, तर प्रथम त्याचा जन्म कोठे होतो हे पाहिले पाहिजे. आपण हवेत उडणारा डास पाहतो. पण त्याचे बालपण सर्वस्वी पाण्यात जाते. मादी पाण्यावर किंवा पाण्याच्या कडेस अंडी घालते. अंड्यातून वळवळणारी अळी निघते, अळीचा कोष होतो आणि कोष फोडून पंखधारी डास बाहेर पडतो. आपल्याकडील उष्ण हवेत हा सारा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. अळी पाण्यात राहते खरी, पण श्वास हवेतच घेते. क्युलेक्स जातीची अळी पाण्याच्या पृष्ठभागास आपली श्वासनलिका टेकवून डोके खाली करून लोंबकळते. हिवतापाचा प्रसार करणाऱ्या अ‍ॅनॉफिलीस डासाची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते. दोघींनाही हवे असते ते निश्चल पाणी. पाणी सतत हलू लागले, की त्यांचा श्वास घेणेच अवघड होऊन बसते.

आता जलोद्यानातील हौदांना डास का भीत असावेत, ते ध्यानी येईल. तेथील पाणी पंपाच्या योगाने सदैव फिरत असते, गाळणीतून जात असते आणि त्यात क्लोरीन मिसळलेले असते. लाटा उसळणारा हौद डासाच्या उपयोगाचा नाही. मात्र असे कोणतेही जलोद्यान काही आठवडे बंद राहिले आणि त्याकडे दुर्लक्ष झाले, तर चित्र पालटते. पंप थांबतो, उन्हाने क्लोरीन उडून जाते, पाला पडतो, शेवाळ धरते आणि ज्या हौदाला डास शिवत नव्हता, तोच त्याचे प्रसूतिगृह होतो.

चालू उद्यानात मोठ्या हौदापेक्षा लहान जागाच अधिक घातक ठरतात. पालथी घालावयाची राहून गेलेली बादली, ताडपत्रीच्या घडीत साचलेले पावसाचे पाणी, कापलेल्या बांबूचे पोकळ टोक, कुंडीखालची थाळी, छपराच्या तुंबलेल्या पन्हळीतील चार ओंजळी पाणी – एवढे डासाला पुष्कळ होते. म्हणून उद्यान बांधतानाच जमिनीला व छपरांना उतार ठेवतात आणि पाऊस थांबताच खड्डे कोरडे करतात. हे काम कंटाळवाणे असते व त्याची कोणी वाहवा करीत नाही.

या विद्येचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत आहे. फ्लॉरिडा प्रांतातील दलदलीच्या प्रदेशात १९७१ साली वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही प्रचंड क्रीडानगरी सुरू झाली. ती उभारण्यास साहाय्य करण्यासाठी विल्यम पॉटर नावाच्या एका निवृत्त सेनाधिकाऱ्यास बोलाविण्यात आले. खेळण्यांच्या नगरीत सेनाधिकाऱ्याचे काय काम? हे गृहस्थ स्थापत्यविशारद होते आणि पनामा कालव्याच्या प्रदेशाचे गव्हर्नर म्हणून त्यांनी काम केले होते. पनामाइतका डासांचा कटू अनुभव जगात क्वचितच कोणी घेतला असेल.

पनामा कालवा खणण्याचा पहिला प्रयत्न फ्रेंचांनी १८८१ साली आरंभिला. तेथे पीतज्वर व हिवताप यांनी थैमान घातले आणि सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. या रोगांचा डासांशी संबंध आहे, हे तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हते. रुग्णालयातील खाटांवर मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत. आपल्याकडेही दुधादह्याच्या जाळीच्या कपाटाखाली अशा वाट्या ठेवण्याची पद्धत होती. त्या वाट्यांतच डासांची पैदास होई आणि किरकोळ दुखण्यासाठी आलेला मनुष्य पीतज्वर घेऊन मरे! पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले आणि डासाचे गुपित उघडे पडू लागले. १९०४ नंतर अमेरिकन डॉक्टर गॉर्गस यांनी पनामात साचलेल्या पाण्याविरुद्धच मोहीम उघडली. पीतज्वर हटला व १९१४ साली कालवा खुला झाला.

पॉटर यांनी फ्लॉरिडात पाण्याला स्थिर राहू द्यावयाचे नाही, असा निश्चय केला. चाळीस मैलांहून अधिक लांबीचे कालवे खणून दलदलीतील पाणी वाहते करण्यात आले. कालव्यांवरील दारे पाणी वाढले की आपोआप उघडतात व ओसरले की मिटतात. त्यांना विजेची गरज नाही. कालवे सरळ रेषेत न काढता वळणावळणाने नेले, त्यामुळे ते निसर्गाचेच ओढे वाटतात. यावर पाळत म्हणून सापळे असतात. मनुष्याच्या उच्छ्वासात जो कर्बवायू असतो, त्याच्या आमिषाने डास त्यांत शिरतात. मग कोणत्या जातीचे किती डास आले, याची मोजदाद होते. काही ठिकाणी तर कोंबड्या पाळल्या आहेत. विषाणू बाळगणारा डास कोंबडीला चावला, तर ती सहसा आजारी पडत नाही, पण तिच्या रक्ताच्या तपासणीवरून रोगाची चाहूल मनुष्याआधी लागते. पहारेकरी म्हणून कोंबडी नेमण्याची कल्पना मोठी गमतीची, पण विलक्षण उपयोगी आहे.

माश्या, झुरळे व मुंग्या यांचा बंदोबस्त तुलनेने सोपा. उष्टे अन्न वेळीच उचलले, केराचे डबे झाकलेले राहिले आणि पिवळसर दिवे वापरले, की त्यांचा उपद्रव पुष्कळ घटतो.

आता औषधाकडे वळू. पावसाळ्यात आपल्या गल्लीत धुराचे यंत्र फिरते आणि मुले त्या धुरामागे धावतात. हा धूर त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारतो. पाण्यातील अळ्यांना तो स्पर्शही करीत नाही. धूर विरला, की दोन दिवसांत नवी पिढी उडू लागते. धुराने लोकांचे समाधान अधिक होते आणि डासांचे नुकसान कमी, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. त्याहून गप्पी मासे बरे. विहिरीत अगर कारंज्याच्या हौदात सोडले, की ते अळ्या खाऊन टाकतात. इस्राएलच्या वाळवंटात १९७६ साली सापडलेला एक जीवाणूही या कामी येतो. तो पोटात गेला, की डासाची अळी मरते. मासे, पक्षी व माणसे यांना त्याची बाधा होत नाही.

क्रीडोद्यानाचे एक भाग्य असते: त्याला मालक एकच. तो आज्ञा देतो आणि सारे खड्डे कोरडे होतात. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या उपनगरांना लाखो मालक आहेत आणि प्रत्येकाच्या घरी पाणी साठविलेले आहे. मुंबईचा हिवताप हा दलदलीपेक्षा घराघरांतल्या पाण्याचा रोग आहे, हे डॉ. बेंटले यांनी १९११ सालीच दाखवून दिले होते. त्या काळी वाड्यावाड्यांतून विहिरी होत्या आणि अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास त्यांत वाढत असे. विहिरी बुजवा अगर घट्ट झाका, असा आदेश निघाला, तेव्हा मोठा वाद माजला. कारण अनेकांच्या धर्मभावना विहिरीच्या पाण्याशी निगडित होत्या. पुढे नळ आले, विहिरी मागे पडल्या, आणि तो डास शांतपणे जिने चढून गच्चीवरील टाकीत राहावयास गेला! २०१० साली मुंबईत हिवतापाने १४५ माणसे दगावल्याची नोंद आहे. बांधकामाच्या जागी साठविलेल्या पाण्यात वाढलेला डास तेथील मजुराला आधी चावतो, आणि मजुराची मुलेही तेथेच झोपलेली असतात.

डेंगीचा प्रसार करणारा एडिस हा डास निराळ्या स्वभावाचा. तो दिवसा चावतो, जन्मस्थानापासून फार दूर जात नाही आणि पाण्याच्या पातळीच्या थोडे वर, भांड्याच्या ओलसर कडेस अंडी चिकटवितो. ती कोरडी पडली, तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. आतील कडा घासावी लागते. असा डास कोणी दुरून आणून सोडीत नाही; तो बहुधा आपल्याच इमारतीत जन्मलेला असतो.

महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी भर उन्हात शिडी लावून गच्चीवरच्या टाक्यांवर चढतात. झाकण घट्ट आहे काय आणि नळीच्या तोंडास जाळी आहे काय, हे ते पाहतात. नंतर ओगराळ्यासारखे लांब दांड्याचे एक भांडे टाकीत बुडवून ते थोडे पाणी वर काढतात व उजेडाकडे धरतात. पाणी नितळ दिसते. कर्मचारी क्षणभर थांबतो, भांडे हलू देत नाही. आणि मग कडेशी दोऱ्याच्या तुकड्यासारखे काही वळवळू लागते.