विश्लेषण : शाखेतला अर्ज ‘वर’ का जातो? निर्णय शाखेतच झाला तर बँकेची सेवा वेगवान होते का?

‘तुमचा अर्ज वर पाठवला आहे,’ हे वाक्य कर्जासाठी बँकेत गेलेल्या अनेकांच्या ओळखीचे आहे. हे ‘वर’ म्हणजे नेमके कोण? शाखेचे अधिकार वाढवले तर ग्राहकाचे काम लवकर होते का? आणि त्यात धोका कोणता?

शाखेला किती अधिकार असतात?

कोणत्या श्रेणीच्या अधिकाऱ्याने किती रकमेपर्यंत कर्ज मंजूर करायचे, व्याजात किती सवलत द्यायची, याची मर्यादा प्रत्येक बँकेचे संचालक मंडळ ठरवते. शाखा व्यवस्थापकाच्या मर्यादेपलीकडचा प्रस्ताव क्षेत्रीय कार्यालयात आणि रक्कम मोठी असेल तर थेट मुख्यालयापर्यंत जातो. प्रत्येक टप्प्यावर नव्या शंका निघतात आणि उत्तरासाठी फाइल पुन्हा शाखेत येते. प्रत्यक्ष छाननीपेक्षा या ये-जा करण्यातच अनेकदा जास्त दिवस जातात.

अधिकार शाखेतून का गेले?

१९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर ग्रामीण भागात शाखांचे जाळे विस्तारले. त्या काळात खातेवह्या शाखेतच असत आणि व्यवस्थापकाचा शब्द महत्त्वाचा असे. कोअर बँकिंग आल्यावर ग्राहक शाखेचा न राहता बँकेचा झाला. त्यानंतर स्टेट बँकेसह अनेक बँकांनी गृहकर्ज, लघुउद्योग कर्ज यांची छाननी स्वतंत्र प्रक्रिया केंद्रांकडे सोपवली. कागदपत्रांची कायदेशीर तपासणी, मालमत्तेचे मूल्यांकन अशी कामे एका ठिकाणी आली आणि सर्वांना सारखे निकष लागू झाले. पगारदाराचे गृहकर्ज, धनादेश पुस्तिका, खाते उघडणे अशा साचेबद्ध कामांसाठी ही पद्धत सोयीची आहे.

मग अडचण कुठे येते?

जिथे माहिती कागदावर मावत नाही, तिथे. अर्थतज्ज्ञ जेरेमी स्टाइन यांनी २००२ मध्ये हाच मुद्दा मांडला. पगारपत्रक, पतगुणांक ही ‘कठोर’ माहिती वर पाठवता येते. पण कर्जदाराची सचोटी, बाजारातील पत ही ‘मृदू’ माहिती वर जाताना गळून पडते. दिवाळीआधी माल भरण्यासाठी कर्ज मागणारा किराणा दुकानदार उधारी कशी वसूल करतो, हे गावातल्या व्यवस्थापकाला कळते. शहरातल्या केंद्राला दिसते ते फक्त विवरणपत्र. शिवाय हे कर्ज दिवाळीनंतर मंजूर झाले तर त्याचा उपयोग काय? पेरणी उलटल्यावर मिळणाऱ्या पीक कर्जाचेही तेच.

दुसरी अडचण भीतीची. कर्ज बुडाले की चौकशी मंजुरी देणाऱ्याची होते. अर्ज रखडवणाऱ्याची सहसा होत नाही. त्यामुळे अधिकार असूनही प्रस्ताव वर ढकलण्याकडे कल राहतो. म्हणूनच केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्ये ५० कोटी रुपयांपर्यंतच्या थकीत कर्जांबाबत सार्वजनिक बँकांतील कर्मचाऱ्यांचे उत्तरदायित्व ठरवण्याची चौकट आखून दिली. प्रामाणिक निर्णयाला संरक्षण मिळावे, हा तिचा हेतू.

विकेंद्रीकरणाचा यशस्वी प्रयोग कोणता?

स्वीडनमधील हांडेल्सबांकेन. १९७० मध्ये यान वालांडर यांनी सूत्रे हाती घेतल्यावर तिथे शाखेलाच बँक मानण्यात आले. कर्जाच्या निर्णयाची जबाबदारी शाखेकडे, वरून लादलेली अंदाजपत्रके व विक्रीची उद्दिष्टे रद्द, अशी ही रचना. नफ्यातला वाटा व्यक्तीला बोनस म्हणून न देता कर्मचाऱ्यांच्या सामाईक निधीत जाई. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बँका संकटात सापडल्या, तेव्हा या बँकेला सरकारी भांडवल घ्यावे लागले नाही. मात्र ग्राहक मोबाइलकडे वळल्यावर २०२० मध्ये तिनेही स्वीडनमधील जवळपास निम्म्या शाखा कमी करण्याचे जाहीर केले.

धोका कोणता?

अधिकार खाली गेले आणि देखरेख झाली नाही तर काय होते, हे मुंबईतील पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतील घोटाळ्याने २०१८ मध्ये दाखवले. तिथे हमीपत्रे अधिकार नसताना दिली गेली. ‘स्विफ्ट’ संदेशप्रणाली कोअर बँकिंगशी जोडलेली नसल्याने ती वरिष्ठांना दिसलीच नाहीत. म्हणजे प्रश्न फक्त अधिकार कुणाकडे, एवढाच नाही. त्यांच्या वापराची नोंद तत्काळ वर दिसते का, हाही आहे. निर्णय खाली आणि नजर वर, अशी विभागणी म्हणूनच आवश्यक ठरते. ठरावीक रकमेपर्यंतची मंजुरी शाखेत, कागदांची तपासणी केंद्रात आणि प्रत्येक मंजुरीची नोंद प्रणालीत असेल, तर वेग आणि सुरक्षितता दोन्ही साधता येतात.

ग्राहकाने काय करावे?

अर्ज देताना मंजुरीचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारून घ्यावे आणि तारखेसह पोच घ्यावी. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या २५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्ज अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. अर्ज नाकारल्यास कारण लेखी मागावे. बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते. अर्थात, कर्ज द्यायचे की नाही हा व्यावसायिक निर्णय बँकेचाच असतो. दाद मागता येते ती विलंब आणि सेवेतील त्रुटींबाबत.