संकेतस्थळावरील हिशेब आणि गावातील पडताळणी

७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या आणि ग्रामीण व नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना राज्यघटनेचे अधिष्ठान लाभले. अकराव्या अनुसूचीतील २९ आणि बाराव्या अनुसूचीतील १८ विषय परीक्षार्थींना सहसा मुखोद्गत असतात; अनुच्छेद २४३क मधील ग्रामसभेची तरतूद मात्र अभ्यासात एका ओळीत उरकली जाते. स्थानिक कारभारात संकेतस्थळे, मोबाइल ॲप आणि समाजमाध्यमे कितपत उपयुक्त ठरली, या प्रश्नाचा विचार करताना त्या ग्रामसभेकडेच पुनःपुन्हा वळावे लागते.

प्रश्न मुळात माहितीचा आहे. पंचायतीने बांधलेल्या बंधाऱ्यावर किती मजूर होते व किती सिमेंट लागले, हे सरपंच, पंचायत सचिव आणि अभियंता यांना ठाऊक असते. ज्याच्या नावाने पैसा खर्ची पडतो त्या ग्रामस्थाला ते ठाऊक नसते. व्यवहारातील एका पक्षाजवळ अधिक माहिती असली म्हणजे काय घडते, याच्या विश्लेषणासाठी जॉर्ज अकेरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांचे विवेचन बाजारपेठांविषयी होते. परंतु सार्वजनिक कामांनाही ते तितकेच लागू पडते. राजस्थानातील मजुरांनी हाच प्रश्न त्यापूर्वी काही वर्षे, संगणकाच्या मदतीविना, ऐरणीवर आणला होता.

जनसुनवाईपासून संकेतस्थळापर्यंत

मजदूर किसान शक्ती संघटन ही संघटना १९९० मध्ये राजसमंद जिल्ह्यातील देवडूंगरी येथे स्थापन झाली. सरकारी कामांवर किमान वेतन पुरते मिळत नाही, ही मजुरांची तक्रार होती. मजुराने पुरे काम केले की नाही याचा पुरावा हजेरीपटात आणि मोजमाप पुस्तिकेत. आणि ती कागदपत्रे 'गोपनीय'! यातून डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई भरली. पद्धत अगदी साधी होती. मिळालेल्या हजेरीपटांतील आणि बिलांतील नोंदी जमलेल्या गावासमोर मोठ्याने वाचायच्या आणि खरे-खोटे गावाला विचारायचे. जो कधी कामावर गेलाच नाही त्याच्या नावावर मजुरी उचललेली असेल, तर ते कळण्यासाठी लेखापरीक्षक लागत नाही. शेजारी पुरेसा असतो. १९९६ मध्ये ब्यावर येथे याच मागणीसाठी ४० दिवसांचे धरणे झाले. राजस्थानचा माहिती अधिकार कायदा २००० चा आणि केंद्रीय अधिनियम २००५ चा. या दोन्ही कायद्यांच्या मागे ही वाटचाल आहे.

केंद्रीय अधिनियमाच्या कलम ४ कडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. नागरिकाने अर्ज करण्याची वाट न पाहता शासकीय प्राधिकरणाने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, इतकी की अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडावी, असे हे कलम सांगते. राजस्थान सरकारने १३ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू केलेले 'जन सूचना पोर्टल' हा या कलमाच्या अंमलबजावणीचा एक ठळक प्रयत्न होय. प्रारंभी त्यावर १३ विभागांच्या २३ योजनांची माहिती होती. पंचायत किंवा प्रभाग निवडला की तेथील लाभार्थी, कामे आणि देयके दिसतात. "धान्य आलेच नाही" असे रेशन दुकानदार सांगत असेल, तर त्याच्या दुकानात किती धान्य पोचले व ते कोणाच्या नावावर उचलले गेले, हे शिधापत्रिकाधारक महिलेला पाहता येते. दगडखाणींत काम करून सिलिकोसिस जडलेल्या मजुरांची प्रकरणे कोणत्या टप्प्यावर आहेत, याचीही नोंद त्यावर आहे. माहितीची मांडणी राज्याच्या एकूण बेरजेने न करता वस्तीच्या पातळीवर केली आहे, यातच या पोर्टलचे खरे मूल्य आहे. राज्याची बेरीज खोटी ठरविणे कोणाही ग्रामस्थाला शक्य नसते. आपल्या गल्लीतील २० नावे मात्र तो तपासू शकतो.

निधीला जोडलेली अट

प्रसिद्धी ही केवळ सदिच्छेची बाब राहिली तर ती मागे पडते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांना ४,३६,३६१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली. त्यासाठी मागील वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन खुले असणे, ही पात्रतेची अट घातली. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतींचे विकास आराखडे आणि खर्च एकत्र पाहता येतात. हिशेब लांबणीवर टाकण्याची जुनी सवय मोडण्यास अशी अट उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण हिशेब 'उपलोड' झाला म्हणजे तो खरा ठरला, असे नव्हे.

याचे उदाहरण रोजगार हमीच्या कामांत मिळाले. २००५ च्या कायद्याखालील कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा छायाचित्रासह, नोंदविणे सक्तीचे झाले. उद्देश बनावट हजेरी रोखण्याचा होता. जुलै २०२५ मध्ये ग्रामीण विकास मंत्रालयानेच राज्यांना कळविले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे टाकली जात आहेत, प्रत्यक्ष दृश्याऐवजी छायाचित्राचेच छायाचित्र घेतले जात आहे, आणि नोंदलेली व दिसणारी संख्या जुळत नाही. (डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला.) छायाचित्र दूरच्या कार्यालयाकडे जाते आणि तेथे त्या चेहऱ्यांना कोणी ओळखत नाही. कोट किरानाला नावे वाचली गेली ती ओळखणाऱ्यांसमोर. पडताळणीचा खर्च गावात जवळजवळ शून्य असतो. राजधानीत तो प्रचंड होतो. विकेंद्रीकरणाच्या बाजूचा हा शुद्ध आर्थिक युक्तिवाद आहे.

तरीही गावातील प्रत्येक जण पोर्टलपर्यंत पोचतो असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के होते, तर पुरुषांचे ५७.१ टक्के, ग्रामीण स्त्रियांमध्ये ते २४.६ टक्केच होते. त्यानंतर स्मार्टफोनचा प्रसार वाढला असला, तरी भिंतीवर रंगविलेली यादी आणि ग्रामसभेतील वाचन यांना पर्याय मिळालेला नाही.

दुसरी अडचण कायद्याची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८ मधील वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद अधिक व्यापक केला. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची ८(२) ची तरतूद कायम आहे. मजुराचा बँक खाते क्रमांक झाकलाच पाहिजे. पण त्याचे नाव आणि रक्कमही झाकली, तर शेजाऱ्याने तपासायचे काय?

समाजमाध्यमे : तक्रार आणि सहभाग

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने शासकीय संस्थांसाठी समाजमाध्यमांच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये काढली. पंचायतीनेच पुढाकार घेतल्याचे गाजलेले उदाहरण हरियाणाच्या जिंद जिल्ह्यातील बीबीपूरचे. २०१५ मध्ये तेथील सरपंच सुनील जागलान यांनी व्हॉट्सॲपवर मुलीसोबतच्या सेल्फीची स्पर्धा जाहीर केली आणि घटत्या बाल लिंग गुणोत्तराची चर्चा देशभर पोचली. लोकजागृतीसाठी हे माध्यम प्रभावी आहे, यात शंका नाही. हिशेबाच्या कामी मात्र ते कच्चे पडते, कारण तेथील मजकूर वाहून जातो. त्याचा दप्तर म्हणून उपयोग होत नाही.

नागरी भागात समाजमाध्यमांचा मुख्य वापर तक्रारींसाठी होतो. मुंबई महानगरपालिकेने २०१९ मध्ये आपल्या २४ प्रशासकीय विभागांसाठी स्वतंत्र ट्विटर (आताचे 'एक्स') खाती उघडली. तुंबलेल्या गटाराचे छायाचित्र योग्य विभागाकडे थेट जाऊ लागले, ही सोय मोठीच. मात्र ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि पुढील निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत कारभार प्रशासकाकडे होता. नागरिकाला खड्ड्याची तक्रार करता येत होती. रस्त्यांसाठी अर्थसंकल्पात किती तरतूद असावी यावर मत देणारा त्याचा नगरसेवक मात्र सभागृहात नव्हता. नगरसेवकच नसल्याने ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी घटनेने सांगितलेल्या प्रभाग समित्यांच्या बैठकाही या काळात होऊ शकल्या नाहीत.